कवी-प्राध्यापकाची परंपरा : एक प्रस्तावना

मराठी वाङ्मयचर्चेत ‘प्राध्यापकी कविता’ हे शब्द बहुधा दूषण म्हणून येतात आणि कवीने केलेल्या समीक्षेकडे संशयाने पाहिले जाते. पहिली पुस्तकी असणार आणि दुसरी स्वतःच्या कवितेची वकिली करणार, असे दोन्ही बाबतींत आधीच धरून चालण्याची सवय आहे. तरीही गेल्या शंभर वर्षांची मराठी कविता समोर ठेवली तर तिच्या मुख्य वळणांवर पुनःपुन्हा वर्गात शिकवणारी माणसे उभी दिसतात. माधव जूलियन, मर्ढेकर, पु. शि. रेगे, विंदा करंदीकर, वसंत बापट, इंदिरा संत, शांता शेळके, ग्रेस, केशव मेश्राम, यशवंत मनोहर, भालचंद्र नेमाडे, वसंत आबाजी डहाके, प्रभा गणोरकर ही नावे एका दमात सांगता येतात आणि यादी संपत नाही. यांतल्या बऱ्याच जणांनी कवितेबरोबर शास्त्रग्रंथ, कोश, अनुवाद किंवा समीक्षा असे अभ्यासाचे कामही केले. हा केवळ पोटापाण्याचा योगायोग मानायचा, की या तीन कामांत आतून काही नाते आहे? हे पुस्तक ज्या विषयाला वाहिलेले आहे त्याच्या मुळाशी हा प्रश्न आहे आणि त्याचे माझे उत्तर स्पष्ट आहे. कविता कशी घडते हे जाणणे हे एक ज्ञान आहे. कवीकडे ते सवयीच्या रूपात असते. अभ्यास ते तपासून नियमाच्या रूपात मांडतो आणि अध्यापन ते दुसऱ्याच्या हवाली करते. तिन्ही गोष्टी एकाच माणसाच्या हातून होतात तेव्हा प्रत्येक काम दुसऱ्याची परीक्षा घेते. त्या परीक्षेतून मराठीला जे मिळाले ते वेगळ्या वाटेने मिळणे कठीण होते.

ही सांगड विद्यापीठांनी घातलेली नाही; ती मराठी कवितेच्या आरंभापासूनची आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, नेवाशाला सिद्ध झालेली ज्ञानेश्वरी ही एका संस्कृत ग्रंथावरची टीका आहे, ओवीबद्ध काव्य आहे आणि समोर बसलेल्या श्रोत्यांना केलेले निरूपणही आहे. गीतेच्या सातशे श्लोकांसाठी सुमारे नऊ हजार ओव्या खर्च होतात, कारण ऐकणाऱ्याला कळेपर्यंत दृष्टान्तामागून दृष्टान्त देत राहणे हा तिथे रचनेचाच भाग आहे. तिच्यातला भाष्यकार, कवी आणि शिकवणारा वेगळा काढू गेलो तर ग्रंथच हाती राहत नाही. पुढे तीनशे वर्षांच्या आत पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये याच ग्रंथाची अनेक पोथ्या पाहून शुद्ध प्रत तयार केली आणि तिच्यात आपली ओवी कोणी घुसडू नये असे बजावून ठेवले. ज्याच्याजवळ स्वतः हजारो ओव्या रचण्याचे सामर्थ्य होते त्याने दुसऱ्याच्या ग्रंथात एक अक्षरही न मिसळण्याचा दंडक घालून द्यावा, ही संपादनशास्त्राची फार मोठी शिस्त आहे. तीच लेखणी एकनाथी भागवतात विवरण करते आणि भारुडातून अगदी सामान्य श्रोत्याशी बोलते. मोरोपंत बारामतीच्या नाईकांकडे पुराणिक होते. पुराण सांगणे हे त्यांचे अध्यापन होते, संस्कृत ग्रंथांचे परिशीलन हा अभ्यास होता आणि आर्या ही कविता होती. तेव्हा कवी-अभ्यासक-शिक्षक हा आधुनिक नोकरीतून निघालेला विचित्र प्रकार आहे, ही समजूत मराठीपुरती तरी टिकत नाही.

आधुनिक विद्यापीठाने मात्र या तिघांना वेगवेगळ्या दालनांत बसवले. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले आणि लवकरच वरच्या परीक्षांतून मराठीला बाहेर जावे लागले. तिला पुन्हा आत आणण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांना एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत खटपट करावी लागली. याचा एक परिणाम फारसा ध्यानात घेतला जात नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातले आणि मध्यावरचे अनेक महत्त्वाचे कवी महाविद्यालयात मराठी शिकवतच नव्हते. माधव जूलियन फारसी शिकवत होते. मर्ढेकरांनी आकाशवाणीत जाण्यापूर्वी इंग्रजी शिकवले आणि विंदांनीही इंग्रजीच शिकवले. पु. शि. रेगे यांचा विषय तर अर्थशास्त्र होता आणि पुढे ते एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. त्यामुळे हे कवी रोज एका भाषेतले साहित्य किंवा शास्त्र समजावून सांगत आणि दुसऱ्या भाषेत लिहीत. दोन भाषांमधली ही रोजची ये-जा नव्या रचनाप्रकारांचा मोठा स्रोत ठरली. शाळेत शिक्षक असलेल्या केशवसुतांनी १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेटच्या धर्तीवर चौदा ओळींची कविता मराठीत आणली, तेव्हाच या प्रक्रियेची सुरुवात झाली होती. ती पूर्णत्वाला गेलेली पाहायची तर माधव जूलियन यांच्याकडे जायला हवे.

माधव जूलियन, म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९), हे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आणि नंतर कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसीचे प्राध्यापक. १९२३ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या रविकिरण मंडळातले ते प्रमुख कवी. १९२५ मध्ये त्यांचा फारसी-मराठी कोश आला, १९२७ मध्ये ‘छंदोरचना’ आली, १९३३ मध्ये ‘गज्जलांजलि’ आली. उमर खय्यामच्या रुबाया त्यांनी थेट फारसीतून मराठीत आणल्या. ‘छंदोरचने’ची वाढवलेली आवृत्ती १९३७ मध्ये निघाली आणि त्या कामाबद्दल मुंबई विद्यापीठाने १९३८ मध्ये त्यांना डी.लिट. दिली. या सनावळीकडे नीट पाहिले तर एक गोष्ट स्पष्ट होते. कोश, छंदशास्त्र, अनुवाद आणि स्वतःची कविता ही कामे एकामागून एक न होता एकमेकांत गुंतून झाली आहेत. वर्गात फारसी शिकवायची तर विद्यार्थ्याला कोश हवा. फारसी कविता समजावायची तर तिची वृत्ते उलगडून दाखवायला हवीत. ती उलगडली की मराठीत तशी रचना होते का, हे करून पाहण्याची निकड कवीला वाटणार आणि करून पाहिले की मराठी वृत्तांची फेरमांडणी अटळ होणार.

ही गुंतवण किती बारीक आहे हे एका उदाहरणावरून दाखवता येईल. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत. त्याचा साचा म्हणजे एक लघू आणि दोन गुरू, हा गट चार वेळा : लगागा लगागा लगागा लगागा. फिर्दौसीचा शाहनामा ज्या वृत्तात आहे त्याला फारसी छंदशास्त्रात मुतकारिब म्हणतात आणि त्याचा साचा आहे : लगागा लगागा लगागा लगा. म्हणजे शेवटचा एक गुरू कमी. मराठी घरातला मुलगा पाठ करतो ते श्लोक आणि इराणचे राष्ट्रीय महाकाव्य चालीने इतके जवळ आहेत. फारसी पंडिताला मनाचे श्लोक कानात भिनलेले नसतील तर हे सुचणार नाही आणि मराठी कवीला शाहनामा माहीत नसेल तर तो या वाटेला जाणारच नाही. दुसरीकडे, हे साम्य वरवरचे ठेवून चालत नाही. ‘घर’ हा साधा शब्द घ्या. उर्दू गझलेत त्याचे वजन एका गुरूचे, कारण उच्चारात शेवटचा ‘र’ हलन्त आहे. मराठी बोलण्यातही तो हलन्तच आहे. पण मराठी वृत्तात ‘घर’ म्हणजे दोन लघू. मात्रा दोन्हीकडे दोनच भरतात, तरी अक्षरगणवृत्तात तो शब्द गुरूच्या जागी बसत नाही. मात्रांच्या हिशेबाने चालणाऱ्या रचनेत मात्र तो सहज बसतो. गझल मराठीत आणायची तर अशा शब्दागणिक निर्णय घ्यावा लागतो. तो निर्णय कान घेतो आणि त्याचे कारण शास्त्र सांगते. ते कारण विद्यार्थ्यासमोर फळ्यावर मांडता आले पाहिजे ही सक्ती मात्र वर्गाची असते.

पटवर्धनांनी मराठी पद्याचे छंद, वृत्त आणि जाति असे तीन वर्ग केले. ओवी-अभंग हे छंद. त्यांत लघुगुरूचा भेद गळून पडतो, प्रत्येक अक्षर सारख्याच लांबीने उच्चारले जाते आणि मोजायची ती अक्षरांची संख्या. संस्कृत छंदशास्त्राच्या चौकटीत ओवी-अभंग ‘सैल’ वाटत होते. या विभागणीने त्यांना स्वतःचा कायदा असलेली रचना म्हणून मान मिळाला. केवळ ग्रंथ वाचून हे साधणारे नव्हते. म्हणून, गाऊन आणि रचून पाहणाऱ्या माणसाने केलेली ही विभागणी आहे. पुढे गझलेला घरोघर नेणारे सुरेश भट महाविद्यालयात प्राध्यापक नव्हते. पण त्यांनाही नवोदितांसाठी ‘गझलेची बाराखडी’ लिहावी लागली. कवी आपल्या रचनाप्रकाराची काळजी करू लागला की तो आपोआप शास्त्रकार आणि शिक्षक होतो. नोकरी त्या वृत्तीला फक्त जागा आणि वेळ देते.

विंदा करंदीकरांचे उदाहरण वेगळ्या दिशेचे आहे. त्यांनी १९५७ मध्ये ‘अॅरिस्टॉटलचे काव्यशास्त्र’ मराठीत आणले, १९६५ मध्ये गटेच्या ‘फाउस्ट’चा पहिला भाग आणला, १९७४ मध्ये ‘राजा लिअर’ आणले आणि ज्ञानेश्वरांच्या अमृतानुभवाचे अर्वाचीन मराठीत रूपांतर केले. वर्गात इंग्रजी साहित्य शिकवणारा हा माणूस परंपरा आणि नवता यांचा विचार निबंधांतून करत होता आणि कवितेत त्याच विचाराची कसोटी घेत होता. त्यांची मुक्त सुनीते आणि आततायी अभंग पाहा. पहिल्यात परदेशातून आलेला आणि मराठीत स्थिरावलेला बंध सैल केला आहे. दुसऱ्यात घरचा, भक्तीसाठी घडलेला बंध संतापाच्या कामाला लावला आहे. बंध मोडण्यासाठी तो आधी पूर्ण ठाऊक असावा लागतो आणि कोणता सांधा सैल केला तर इमारत उभी राहील हे कळावे लागते. पुढे बापट, पाडगावकर आणि विंदा या तिघांनी एकत्र येऊन महाराष्ट्रभर काव्यवाचने केली. तिघांनीही महाविद्यालयांत शिकवले होते. मोठ्या समुदायासमोर कठीण कविता कशी पोहोचवायची, कुठे थांबायचे, कुठला शब्द उचलून धरायचा, हे वर्गात कमावलेले कौशल्य त्यांनी सभागृहात नेले.

हे सगळे शहरी, उच्चवर्णीय महाविद्यालयांपुरतेच खरे होते काय? तसे नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले. ते पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. म. ना. वानखडे यांच्यासारखे प्राचार्य आणि गंगाधर पानतावणे यांच्यासारखे अध्यापक तिथे होते. पानतावण्यांनी संपादित केलेले ‘अस्मितादर्श’ साठच्या दशकाच्या अखेरीपासून दलित लेखकांच्या एका पिढीचे व्यासपीठ झाले. केशव मेश्राम आणि यशवंत मनोहर हे दोघेही कवी, समीक्षक आणि मराठीचे प्राध्यापक. नव्या कवितेला मोजायला जुनी मापे पुरत नाहीत हे त्यांना दोन आघाड्यांवर सिद्ध करावे लागले. एकीकडे कविता लिहून आणि दुसरीकडे त्या कवितेसाठी सौंदर्यविचाराची नवी भाषा घडवून. ही भाषा वर्गात, परिसंवादात, अभ्यासक्रमाच्या बैठकीत बोलली गेली नसती तर दलित कविता वाचली गेली असती, पण शिकवली गेली नसती. जे शिकवले जात नाही ते पुढच्या पिढीला स्वतः शोधून काढावे लागते, आणि ज्या घरात पुस्तके नाहीत त्या घरातल्या मुलाला हा शोध सर्वांत महाग पडतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण ते वजनदार आहेत. पहिला असा की अभ्यासाने कविता कोरडी होते. याला पुरावा आहे आणि तो नाकारू नये. मोरोपंतांची ओष्ठ्य वर्ण टाळून केलेली निरोष्ठ रामायणासारखी रचना बुद्धीचे नवल म्हणून पाहिली जाते, कविता म्हणून क्वचित. माधव जूलियन यांच्यावरही त्यांच्या मतांचे ओझे पडले. आयुष्याच्या उत्तरार्धात फारसीचा हा प्राध्यापक भाषाशुद्धीचा आग्रही पुरस्कर्ता झाला आणि १९३८ मध्ये त्याने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. ज्या भाषेच्या संगतीने त्यांच्या कवितेला रंग चढला तिचेच शब्द वर्ज्य मानण्यापर्यंत हा आग्रह गेला. पण इथे दोष अभ्यासाचा नाही. अभ्यासातून निघालेला निष्कर्ष कवितेवर हुकूम म्हणून बजावला गेला, हे घातक ठरले. अभ्यास कवीला पर्याय दाखवतो. पर्याय कमी करू लागला की तो अभ्यास उरत नाही, मतप्रचार होतो.

दुसरा आक्षेप पक्षपाताचा आहे. कवी समीक्षा करतो तेव्हा आपल्याच कवितेसाठी जागा तयार करतो. मर्ढेकरांचा दाखला इथे फार बोधक आहे. ‘सौंदर्य आणि साहित्य’ या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी कलाकृतीचे मूल्य लयतत्त्वात, म्हणजे संवाद, विरोध आणि समतोल यांच्या संघटनेत पाहिले. या मांडणीत जीवनाशयाला दुय्यम स्थान मिळते, असा वाद त्यावर दीर्घकाळ चालला. पण त्यांची १९४७ ची ‘काही कविता’ वाचा. यंत्रयुगातल्या शहराची, माणूस स्वस्त झाल्याची वेदना तिथे ओळीओळीत आहे. नुसत्या लयसंघटनेने तिचा प्रभाव पुरता उलगडत नाही. म्हणजे त्यांचा सिद्धान्त त्यांच्या कवितेची वकिली करत नाही. उलट त्यांची कविता सिद्धान्ताच्या अपुरेपणाची साक्ष देते. आणि हा प्रतिवाद वाचकाला करता येतो, कारण त्या माणसाने दोन्ही गोष्टी उघड्यावर ठेवल्या. भालचंद्र नेमाडे यांच्याबाबतही हेच. ‘मेलडी’ आणि ‘देखणी’ हे संग्रह, ‘टीकास्वयंवर’ आणि देशीवादाची मांडणी शेजारी ठेवून त्यांच्याशी भांडता येते. फक्त समीक्षा लिहिणाऱ्याची रुची अनेकदा झाकलेली राहते. कवी-समीक्षकाची रुची त्याच्या कवितेत सही करून ठेवलेली असते.

तिसरा आक्षेप सर्वांत मूलगामी आहे : थोर कवितेला विद्यापीठ लागतच नाही. बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. अरुण कोलटकर जाहिरातक्षेत्रात चित्रकार होते. नामदेव ढसाळ मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरातून आले आणि ‘गोलपिठा’ लिहून गेले. नारायण सुर्व्यांनी शिपायाची नोकरी केली, पुढे प्राथमिक शिक्षक झाले आणि आपल्या संग्रहाला नाव दिले ‘माझे विद्यापीठ’. हे सगळे खरे आहे आणि त्यांच्या बाजूने मी दोन्ही हात वर करीन. कविता लिहिण्यासाठी प्राध्यापक असण्याची गरज नाही. या प्रस्तावनेचा दावाही तो नाही. दावा एवढाच आहे की कवितेचे ज्ञान समाजात टिकून राहण्यासाठी, ते कोणीतरी तपासून, मांडून, पुढे देत राहावे लागते आणि हे काम करणाऱ्यांत काहीजण स्वतः कवी असणे हिताचे आहे. बहिणाबाईंच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी, लिहून ठेवल्या नसत्या आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहून १९५२ मध्ये त्या लोकांपुढे आणल्या नसत्या, तर हा आक्षेप घेण्यासाठी त्यांचे नावही आपल्याजवळ नसते. सोपानदेव आणि अत्रे हे दोघेही कवी होते, हे इथे लक्षात ठेवावे. डहाके आणि गणोरकर या दोन कवींनी इतरांबरोबर संपादित केलेला ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोश’ हे याच प्रकारचे काम आहे. दुसऱ्यांच्या लेखनाची निगुतीने नोंद करण्यात कवीने घातलेली वर्षे त्याच्या संग्रहांत मोजली जात नाहीत, पण त्यांवर पुढची पिढी उभी राहते.

चौथी अडचण आक्षेपाच्या स्वरूपाची नसून वस्तुस्थितीची आहे. आजच्या महाविद्यालयात ही सांगड घालायला अवकाश किती उरला आहे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापकाच्या संशोधनगुणांचा तक्ता आहे. भाषा विषयातल्या मान्यताप्राप्त नियतकालिकातील एका शोधनिबंधाला त्यात १० गुण आहेत. अनुवादित पुस्तकाला ८. कवितेला स्वतःचा रकाना नाही. या तक्त्यावर ‘फाउस्ट’चा मराठी अवतार एका शोधनिबंधापेक्षा हलका भरेल. तक्ता करणाऱ्यांचा हेतू वाईट असेल असे नाही. गुणवत्ता मोजण्याची काहीतरी समान रीत हवी, हेही मान्य. पण जे मोजले जाते तेच केले जाते, हा माणसाचा स्वभाव आहे. तरुण अध्यापकाला कविता लिहायची असेल तर ती त्याने कामाच्या वेळेबाहेर, जवळजवळ चोरून लिहावी, अशी ही व्यवस्था त्याला सुचवते. तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याला तर तेवढाही वेळ राहत नाही. अशा स्थितीत कवी असलेला अध्यापक आपली कविता वर्गाच्या दाराबाहेर ठेवून येतो आणि विद्यार्थ्याला वृत्त शिकवताना उदाहरण म्हणून गाईडमधली तीच ती ओळ देतो. हे नुकसान कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

या पुस्तकात पुढे जे लेख आहेत ते या परंपरेतल्या वेगवेगळ्या माणसांवर आहेत. ते गौरवग्रंथातल्यासारखे वाचू नयेत. प्रत्येक ठिकाणी वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : या कवीच्या अभ्यासाने त्याच्या कवितेला काय दिले, त्याच्या कवितेने अभ्यासातली कोणती चूक पकडली, आणि या दोन्हींतले काय त्याच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचले. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळणे सर्वांत अवघड आहे, कारण वर्गातले बोलणे छापले जात नाही. म्हणून ते शोधण्याचे कष्ट जास्त घ्यावेत. आणि जे वाचक स्वतः मराठीच्या विभागांत शिकवतात, अभ्यासमंडळांवर बसतात, नेमणुका करतात, त्यांना एक विनंती आहे. पदवीच्या वर्गात छंदशास्त्र परिभाषा पाठ करून घेण्यापुरते न ठेवता विद्यार्थ्यांकडून दहा ओव्या, एक सुनीत, गझलेचे चार शेर रचून घ्या. ते चांगले होणार नाहीत. होण्याची गरजही नाही. कवितासंग्रह आणि अनुवाद यांना अध्यापकाच्या कामात त्यांचे योग्य वजन मिळावे यासाठी लेखी आग्रह धरा. आपल्या विभागात कोणी कवी असेल तर त्याला कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनाला न जुंपता कविता शिकवायला द्या.